भेदरलेले कुत्रे आणि भेदरलेले घर

साताऱ्याजवळ संगम माहुलीला जे गेले असतील, त्यांनी तेथे एका कुत्र्याची समाधी पाहिली असेल. छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची ती. शिकारीच्या वेळी वाघ अंगावर येत होता आणि खंड्याने महाराजांना सावध केले, अशी हकिकत सांगतात. धर्मराजाच्या पाठोपाठ स्वर्गाच्या वाटेने गेलेले कुत्रे तर आपल्याकडे घराघरांत ठाऊक आहे. खंडोबाच्या देवळातही कुत्र्याला मान असतो. म्हणजे शूर कुत्र्याची आणि इमानी कुत्र्याची आठवण आपण ठेवली. पण भेदरलेल्या कुत्र्याची आठवण कोण ठेवतो? घरात आजारपण आले, मयत झाली, भाऊ-भाऊ वेगळे निघाले, पुराने घर सोडावे लागले, की पडवीतला मोती भाकरीला तोंड लावीत नाही, कणगीमागे जाऊन बसतो, धापा टाकतो, रात्रभर कण्हतो. आपण म्हणतो, "याला काय धाड भरलीय? इथं आपल्यालाच काही सुचत नाही!" आणि हाकलून देतो.

अशा भेदरलेल्या कुत्र्यांचाही इतिहास आहे, आणि तो कुत्र्यांपेक्षा माणसांविषयी जास्त सांगतो. त्यातली दोन प्रकरणे आज आपल्यापुढे ठेवतो. एक रशियातले, १९२४ सालचे. दुसरे इंग्लंडमधले, १९३९ सालचे. पहिले लहान आहे, पण ते आधी ऐकलेले बरे. म्हणजे दुसऱ्यात माणसांचे कुठे चुकले ते समजेल.

शिक्षक मंडळींना इव्हान पाव्हलॉव्ह हे नाव नवीन नाही. ठरावीक खूण केली की अन्न मिळते, हे कुत्र्याला एकदा ठाऊक झाले म्हणजे नुसत्या खुणेनेच त्याच्या तोंडाला पाणी सुटते, हा त्यांचा प्रयोग अध्यापनाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतो. १९०४ साली पचनक्रियेवरच्या संशोधनासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले होते. लेनिनग्राड शहरात त्यांची प्रयोगशाळा होती, आणि कुत्री ठेवण्याची जागा तिथून थोड्या अंतरावर होती. २३ सप्टेंबर १९२४ रोजी समुद्राकडून वादळ आले आणि नेव्हा नदी फुगली. बरोबर शंभर वर्षांपूर्वी, १८२४ साली, त्या शहरात असाच महापूर आला होता. त्याच्या खालोखाल हाच. पाणी नेहमीच्या पातळीहून पावणेचार मीटरांपेक्षाही वर चढले. कुत्र्यांच्या कोठड्यांत पाणी शिरले. बाहेर वारा घोंगावतो आहे, झाडे कडाडून मोडताहेत, आणि नोकर माणसे चार-चार, पाच-पाच कुत्र्यांना पाण्यातून पोहत प्रयोगशाळेकडे नेताहेत, असे ते दृश्य होते. पहिल्या मजल्यावर सगळी कुत्री एकत्र कोंडली. एरवी दोन अनोळखी कुत्री समोरासमोर आली की दात विचकायची. त्या दिवशी मात्र एकही कुणावर गुरगुरले नाही. पाव्हलॉव्ह यांच्या नजरेतून हे सुटले नाही.

पूर ओसरला, कुत्री परत आपापल्या जागी गेली. काहींना तर जणू काही झालेच नव्हते. पण जी मुळातच बुजरी होती, त्यांच्यात फार फरक पडला. शिकवलेल्या खुणा ती विसरली. एक कुत्रे असे होते की, एरवी अन्नावर तुटून पडायचे, ते आता समोर ठेवलेल्या अन्नाला शिवेना. हे काही दिवसांत आपोआप थांबले नाही. दिवस गेले, आठवडे गेले.

आता पाहा हं, पुढे काय केले ते. प्रयोगाची रीत अशी होती की, कुत्र्याला खोलीत एकटे ठेवायचे आणि माणसाने भिंतीपलीकडून काम पाहायचे. पाव्हलॉव्ह यांचे सहकारी डॉक्टर स्पेरान्स्की या कुत्र्याचे काम पाहात. ते या वेळी आत जाऊन त्याच्याजवळ नुसते बसले. बाहेरचे काम दुसऱ्याने केले. कुत्रे खाऊ लागले! खुणा ओळखू लागले. स्पेरान्स्की उठून बाहेर गेले की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मग त्यांनी बसणे हळूहळू कमी केले. एवढेच काय, त्यांचे नेहमीचे कपडे कुत्र्याला दिसणार नाहीत असे खोलीत ठेवले, तरी नुसत्या वासानेही त्याला थोडा धीर येई. असे करता करता ते कुत्रे सावरले. मग एके दिवशी मुद्दाम दाराखालून त्या खोलीत थोडेसे पाणी सोडले. आवाज नाही, काही नाही. जमिनीवरून एक ओहोळ तेवढा आला. कुत्रे ताडकन उठले, टक लावून जमिनीकडे पाहू लागले, धापा टाकू लागले, सुटण्यासाठी धडपडू लागले. महिन्यांचे काम क्षणात वाया गेले. (हा शेवटचा प्रयोग शास्त्राला उपयोगी पडला असेल, पण मला तो निर्दय वाटतो. असो.)

यातून दोन गोष्टी हाती लागतात. भ्यालेल्या कुत्र्याला शिक्षा लागत नाही, लाडही लागत नाहीत. ओळखीचे माणूस जवळ असावे लागते, त्याचा वास असावा लागतो. आणि भीती गेली असे वाटले, तरी ती तळाशी असते.

हे लक्षात ठेवून आता १९३९ च्या लंडनला चला.

त्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस युद्ध होणार हे सगळ्यांना कळून चुकले होते. १९३७ साली स्पेनमध्ये गेर्निका गावावर विमानांनी केलेला संहार लोकांनी वर्तमानपत्रांत वाचला होता. पहिल्याच रात्री लंडनवर बॉम्ब पडतील, विषारी वायू सोडतील, असे तज्ज्ञही सांगत होते. माणसामाणसाला गॅसचे मुखवटे वाटून झाले होते. कुत्र्यांना मुखवटे नव्हते. १ सप्टेंबरपासून शहरांतली मुले, लहान मुलांच्या आया यांना आगगाड्यांत घालून खेड्यांकडे पाठवायला सुरुवात झाली. थोड्याच दिवसांत सुमारे पंधरा लाख माणसे हलवली गेली. कुत्री-मांजरे नेण्याची सोय त्या योजनेत नव्हती. घरातला पुरुष सैन्यात जाणार, मुले खेड्यात, बाई कारखान्यात किंवा बहिणीकडे. घराला कुलूप. मग कुत्र्याचे काय?

सरकारी गृहखात्याच्या छत्राखाली जनावरांच्या हवाई संरक्षणासाठी एक समिती नेमली होती. तिने एक पत्रक काढले. त्यात सल्ला असा होता की, शक्य असेल तर आपली जनावरे खेड्यात पाठवा. कुणी ठेवून घेत नसेल, तर त्यांना मारून टाकणे हीच मोठी दया. त्याच पत्रकात जनावर झटपट मारण्याच्या पिस्तुलाची जाहिरातही होती. श्रोतेहो, हा हुकूम नव्हता बरं का. कुत्रे पाळू नये असा कायदा इंग्लंडने त्या युद्धात कधीच केला नाही. नुसता सल्ला होता. पण घाबरलेल्या माणसाच्या हातात सरकारी कागद पडला, की सल्ला आणि हुकूम यांतला फरक त्याला कुठे दिसतो?

३ सप्टेंबरला, रविवारी सकाळी सव्वा अकराला, पंतप्रधान चेंबरलेन यांनी रेडिओवरून युद्ध सुरू झाल्याचे सांगितले. लगोलग भोंगा वाजला. तो खोटाच निघाला, पण लोकांच्या काळजाचे पाणी झाले. आणि मग जनावरांच्या दवाखान्यांपुढे रांगा लागल्या. कुणाच्या हातात दोरीला बांधलेले कुत्रे, कुणाच्या टोपलीत मांजर. ज्या संस्थांनी वर्षानुवर्षे गरिबांची जनावरे फुकट बरी केली, त्यांच्याच दारात ही निरोगी, धडधाकट जनावरे मारायला आणलेली! क्लोरोफॉर्म अपुरे पडू लागले. लंडनच्या पूर्वेला इलफर्ड येथे अशाच एका संस्थेने आपल्या आवारातले कुरण पुरण्यासाठी मोकळे करून दिले. या प्रकरणाचा कागदोपत्री शोध हिल्डा कीन या इतिहासकार बाईंनी घेतला, त्यांचे पुस्तक २०१७ साली निघाले. त्यांच्या हिशेबाने पहिल्या एका आठवड्यात एकट्या लंडनमध्ये निदान चार लाख कुत्री-मांजरे मारली गेली. म्हणजे शहरातल्या दर चारांपैकी एक.

आता पुढचे ऐका. लंडनवर बॉम्बवर्षाव सुरू झाला तो ७ सप्टेंबर १९४० रोजी. पूर्ण एक वर्षानंतर! रेशनसुद्धा १९४० च्या जानेवारीत सुरू झाले. खेड्यात पाठवलेली जवळजवळ निम्मी मुले त्या जानेवारीपर्यंत परत घरी आली होती, कारण बॉम्बच पडत नव्हते. परत आलेल्या किती मुलांनी दारातून आपल्या कुत्र्याला हाक मारली असेल आणि आईने काय उत्तर दिले असेल, याची नोंद कुठल्या दप्तरात सापडणार?

ही माणसे दुष्ट नव्हती. हे मी मुद्दाम सांगतो, कारण दुष्टपणाचा शिक्का मारून आपण मोकळे झालो, तर यातून काहीच कळणार नाही. इंग्रज माणसाचे कुत्र्यावरचे प्रेम प्रसिद्ध आहे. तीच माणसे ही. मला वाटते, त्या आठवड्यात त्यांना स्वतःच्या मुलांची, नवऱ्याची, घराची भीती होती, आणि त्यांतल्या कशावरच त्यांचा इलाज चालत नव्हता. एका कुत्र्याचे मात्र काय करायचे ते त्यांच्या हातात होते. ज्या एका गोष्टीचा निकाल लावता येतो, तिचा निकाल लावून टाकण्याची घाई भेदरलेल्या घराला होते. घरातली माणसे भिंतीवर डोके आपटण्याऐवजी मुक्या जनावरावर निर्णय घेऊन मोकळी होतात. आणि निर्णयाला नाव देतात दयेचे.

हे फक्त साहेबांच्या देशात घडले असेही नाही. २०२० च्या मार्चमध्ये करोनाची साथ आली तेव्हा कुत्र्यामांजरांपासून रोग होतो अशी आवई आपल्याकडेही उठली, आणि पाळीव जनावरे रस्त्यावर सोडू नका असे भारतीय पशुकल्याण मंडळाला सांगावे लागले होते.

लंडनमध्येही सगळ्यांनीच घाई केली नाही. चारांतला एक गेला, पण तीन राहिले ना! हॅमिल्टनच्या डचेस नीना यांनी रेडिओवरून हाक दिली की, खेड्यातल्या लोकांनी या जनावरांना आसरा द्यावा. फर्न या आपल्या गावच्या जमिनीवर त्यांनी शेकडो जनावरे ठेवून घेतली. बॅटरसी येथील बेवारशी कुत्र्यांचे आश्रयगृह युद्धाच्या सहाही वर्षांत बंद पडले नाही. संस्थेच्या नोंदीप्रमाणे त्या काळात १ लाख ४५ हजार कुत्र्यांना तिथे खायला-प्यायला मिळाले. ज्या समितीने ते पत्रक काढले होते, तिनेच पुढे जनावरांची नोंदणी सुरू केली आणि गळपट्ट्याला क्रमांकाचे बिल्ले लावले, म्हणजे पडझडीत हरवलेले कुत्रे मालकाला परत मिळावे. सरकारी समितीलाही शहाणपण येते, थोडे उशिरा येते एवढेच.

पण मला या संस्थांपेक्षा साध्या घरांत काय चालले होते ते जास्त मोलाचे वाटते. ते कळायला एक चांगले साधन आहे. 'मास ऑब्झर्व्हेशन' नावाची संस्था १९३७ साली निघाली होती. युद्ध सुरू होताच तिने सामान्य माणसांना, म्हणजे कारकून, शिक्षिका, दुकानदार, घरातल्या बायका यांना, रोजच्या रोज जे घडेल ते लिहून पाठवायला सांगितले. त्या रोजनिशांत कुत्री-मांजरे जागोजाग भेटतात. शाळेत इतिहास शिकवणाऱ्या मंडळींनी या कल्पनेकडे जरूर लक्ष द्यावे. गावचा इतिहास असाही लिहून घेता येतो.

१९४० च्या सप्टेंबरपासून लंडनवर सलग ५७ रात्री बॉम्ब पडले. सार्वजनिक निवाऱ्यात कुत्र्याला मज्जाव होता. तेव्हा कुत्रे असलेली पुष्कळ माणसे तिथे गेलीच नाहीत. ज्यांना अंगण होते, त्यांच्याकडे पन्हाळी पत्र्याचा, अर्धा जमिनीत पुरलेला निवारा असे. कुटुंब आणि कुत्रे दाटीवाटीने त्यात झोपत. ज्यांना अंगण नव्हते ते जिन्याखाली नाहीतर जेवणाच्या टेबलाखाली शिरत. १९४१ पासून सरकारने लोखंडी टेबलासारखा एक निवारा वाटला: साडेसहा फूट लांब, चार फूट रुंद, जेमतेम अडीच फूट उंच, भोवती जाळी. पिंजराच म्हणा ना! त्यात माणसे आणि कुत्री एका पांघरुणात रात्र काढीत.

आणि या रात्रींतून लोकांना काही गोष्टी उमगल्या. भोंगा वाजण्याआधीच कुत्र्याला विमानांची चाहूल लागे. ते उठून निवाऱ्याच्या वाटेला लागे आणि त्याच्यामागे घर निघे. भ्यालेल्या कुत्र्याला ब्रोमाइडसारखी गुंगीची औषधे देण्याचे सल्ले निघाले होते, काहींनी ती दिलीही. पण रोज उपयोगी पडले ते साधेच. खायची वेळ ठरलेली, तीच थाळी, झोपायचे तेच पोते. दिवस उजाडला की शेजारचे घर पडलेले असो वा उभे असो, कुत्र्याला फिरवून आणायचे. घरधनीण रोज त्याला बाहेर काढी, त्यामुळे तीही बाहेर पडे, शेजाऱ्यांशी चार शब्द बोले. निवाऱ्यात कुत्रे थरथरू लागले की कुणीतरी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसे. आणि त्या हाताची थरथर कधी थांबली ते त्याचे त्यालाच कळत नसे. लेनिनग्राडला स्पेरान्स्की कुत्र्याजवळ बसले होते ते शास्त्र म्हणून. लंडनच्या जिन्याखाली बसलेल्या माणसांनी बहुधा पाव्हलॉव्हचे नावही ऐकले नव्हते.

घरातल्यांच्या मनाचा ताण कुत्र्याच्या अंगात उतरतो, हे आपल्या आजीला ठाऊक होतेच. आता त्याला मोजमापही मिळाले आहे. स्वीडनमधील लिंशोपिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी ५८ कुत्री आणि त्यांच्या मालकिणी यांच्या केसांची तपासणी केली. माणूस चिंतेत असला की शरीरात एक द्रव्य वाढते, त्याचे प्रमाण महिनोन्महिन्यांच्या केसांत राहते. मालकिणीच्या केसांत ते जास्त, तर तिच्या कुत्र्याच्या केसांतही जास्त, असे त्यांना आढळले. हे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. मला यातले विशेष हे वाटले की, फरक पडत होता तो मुख्यतः माणसाच्या स्वभावाने. कुत्र्याच्या स्वभावाचा वाटा थोडा.

तेव्हा घरावर कठीण वेळ आली असता काय करावे, असे कुणी विचारले, तर लंडनच्या त्या घरांकडे बोट दाखवता येईल. घरात माणसांची ये-जा वाढली, रडारड आहे, भांडण आहे, तर कुत्र्याला गर्दीतून काढून गोठ्याच्या कोपऱ्यात किंवा माळ्याखाली त्याचे नेहमीचे पोते टाकून द्यावे, आणि ते आपण होऊन जिथे दडते तिथून ओढून काढू नये. भाकरी नेहमीच्याच वेळी आणि नेहमी देणाऱ्याच हाताने घालावी. तो हात दवाखान्यात किंवा परगावी असेल, तर त्याचे जुने धोतर, सदरा, लुगड्याचा तुकडा पोत्यावर टाकावा. ओरडू नये, मारू नये. मारलेल्या कुत्र्याचे थरथरणे थांबत नाही, ते फक्त आपल्याला दिसणार नाही अशा जागी जाऊन थरथरते. भ्यालेले जनावर चावते हेही विसरू नये. लहान मुलांना त्याच्या अंगावर पडू देऊ नये. एक-दोन दिवस अन्न तोडले, अंगावरचे केस गेले, तर जनावरांच्या डॉक्टरांना दाखवावे, कारण प्रत्येक वेळी ती भीतीच असते असे नाही. दिवाळीत फटाके वाजतात तेव्हाही हेच. पुरात नाहीतर आगीत सापडलेले कुत्रे असेल, तर वर्षाने पहिला पाऊस कौलांवर वाजू लागला की त्याच्याकडे एकदा पाहून यावे.

आणि त्याला सोडून द्यायचे, कुणाला देऊन टाकायचे, असा विचार मनात आला, तर तो दुखवट्याच्या नाहीतर भांडणाच्या आठवड्यात पुरा करू नये.

एक हकिकत राहिली. १९४० साली लंडनच्या पॉप्लर भागात बॉम्ब पडून गेल्यावर तिथल्या एका स्वयंसेवकाला ढिगाऱ्याजवळ एक संकरित टेरियर कुत्रे सापडले. बेवारशी, भुकेलेले. त्याने त्याला खायला घातले, वाटले जाईल निघून. ते गेले नाही. त्याचे नाव रिप ठेवले. कुणी काही शिकवले नव्हते, पण ते ढिगारे हुंगत हिंडे, आणि जिथे पायाने उकरी तिथे खाली माणूस निघे. वर्षभरात त्याने शंभराहून अधिक माणसांचा ठावठिकाणा दाखवला. १९४५ साली जनावरांच्या शौर्याचे डिकिन पदक त्याच्या गळ्यात पडले. पुढच्याच वर्षी ते मेले. त्याला पुरले ते इलफर्डलाच, ज्या संस्थेच्या आवारात १९३९ च्या सप्टेंबरातली ती कुत्री पुरली होती, तिथेच. रिपच्या थडग्यावर नाव कोरलेला दगड आहे. बाकीच्यांवर गवत.